ओसरीवरचे पाहुणे : व्हॅटिकनने अमेरिकन सिस्टर्सची चौकशी लावली त्याची गोष्ट

१८ एप्रिल २०१२. अमेरिकेतल्या कॅथलिक सिस्टर्सच्या सगळ्यात मोठ्या संघटनेच्या पदाधिकारी रोममध्ये होत्या. खास असं काही नाही, दरवर्षी जातात तशाच गेल्या होत्या, व्हॅटिकनच्या वेगवेगळ्या ऑफिसांत भेटीगाठी, इकडचं सांगायचं, तिकडचं ऐकायचं. त्या दिवशीही एका ऑफिसात मीटिंग होती. तीन वर्षं संघटनेची चौकशी चालू होती त्यामुळे कधीतरी काहीतरी कानावर येणार हे त्यांना माहीत होतं, पण त्याच दिवशी निकाल जाहीरसुद्धा होऊन गेला, आठ पानं, आणि तिकडे अमेरिकेत पत्रकारांच्या हातात कागद पडलेले. निकाल काय, तर तुमच्या संघटनेत श्रद्धातत्त्वांच्या बाबतीत गंभीर गडबड आहे, सबब सिअ‍ॅटलचे आर्चबिशप पीटर सार्टेन पाच वर्षांपर्यंत तुमच्यावर देखरेख ठेवतील, तुमची घटना तपासतील, कार्यक्रम तपासतील, अधिवेशनात कोण बोलणार तेही बघतील.

त्यातली एक तारीख मात्र मला सगळ्यात जास्त खटकते. पोप बेनेडिक्ट यांनी या निर्णयाला मान्यता दिली ती १४ जानेवारी २०११ ला. म्हणजे निकाल लागून पंधरा महिने झाले होते. ज्यांच्याबद्दल निकाल, त्या मधल्या काळात आपल्या नेहमीच्या मीटिंगा, पत्रं, अधिवेशन करत होत्या आणि त्यांचं काय करायचं हे रोममध्ये कधीच ठरून गेलेलं होतं.

मी स्वतः ख्रिश्चन नाही, पण दहा वर्षं कॉन्व्हेंटात काढलीत. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर होत्या, हजार-बाराशे मुली, तीस-पस्तीस टीचर्स, ग्रँट, इन्स्पेक्शन, गळकं छप्पर सगळं बाई एकहाती सांभाळायच्या, जूनमध्ये वरच्या मजल्यावर स्वतः बादल्या लावताना बघितलंय मी त्यांना. पण शेजारच्या चर्चचा हॉल गॅदरिंगला हवा असला की म्हणायच्या, "फादरना विचारावं लागेल." आणि फादर असायचे नुकतेच आलेले, आमच्या मोठ्या दादाच्या वयाचे. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, शाळेत असताना असल्या गोष्टी कोणाच्या लक्षात येतात. पुढे हे अमेरिकेचं प्रकरण वाचताना मात्र ते वाक्य परत परत आठवत राहिलं.

कोणी म्हणेल केरळचं सोडून अमेरिकेचं कशाला. २०१८ मध्ये कोचीत हायकोर्टाजवळ सिस्टर्स धरण्याला बसल्या होत्या ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, पण ती एका बिशपवरची फौजदारी केस, २०२२ च्या जानेवारीत कोट्टयमच्या कोर्टाने त्या बिशपना निर्दोष सोडलं आणि त्यावर अपील झालं, ती चर्चा कोर्टाच्या भाषेत व्हायला हवी. मला बघायचंय ते वेगळं. कुठलाही गुन्हा नाही, पैशाचा घोटाळा नाही, आणि तरी एक संस्था आपल्याच बायकांशी कशी वागते, कुठल्या कागदाने, कुठल्या प्रोसिजरने. त्यासाठी अमेरिकेचं प्रकरण बरं, कारण त्यातले बरेचसे कागद उघड आहेत.

आधी एक-दोन गोष्टी क्लिअर करते. आपण सरसकट नन म्हणतो, पण काटेकोर बोलायचं तर मठाच्या आत राहून प्रार्थनेचं आयुष्य काढणाऱ्या त्या नन, आणि शाळा, हॉस्पिटल, झोपडपट्टी, तुरुंग असं बाहेर काम करणाऱ्या त्या सिस्टर. हे प्रकरण सिस्टर्सचं. आणि दुसरं, जे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सिस्टरला पुरोहितपदाची दीक्षा नसते. ती ब्रह्मचर्य, दारिद्र्य, आज्ञापालन अशी व्रतं घेते, पण चर्चच्या कायद्यात ती पुरोहितवर्गात मोडत नाही, आणि चर्च चालवायचे खरे अधिकार येतात ते पुरोहिताच्या दीक्षेतून, जी बाईला मिळत नाही. म्हणजे पन्नास वर्षं हॉस्पिटल चालवलेल्या सिस्टरचं स्थान आणि रविवारी मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणाऱ्या साध्या भाविकाचं स्थान, अधिकाराच्या हिशोबात जवळपास सारखंच. बाकी सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आता संघटना. लीडरशिप कॉन्फरन्स ऑफ विमेन रिलीजस, मी नुसतं कॉन्फरन्स म्हणते. अमेरिकेतल्या वेगवेगळ्या संघांच्या प्रमुख सिस्टर्सचं हे व्यासपीठ, १९५६ मध्ये सुरू झालं, आणि गंमत म्हणजे सुरू करा असं व्हॅटिकननेच सांगितलं होतं. चौकशीच्या काळात देशातल्या ऐंशी टक्के सिस्टर्स यातल्या संघांच्या होत्या. १९६५ च्या सुमाराला अमेरिकेत एक लाख ऐंशी हजार सिस्टर्स होत्या, विचार करा, पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या, शाळाच्या शाळा त्यांच्या जिवावर चालायच्या आणि तेही नाममात्र मानधनावर. ते मानधन इतकं तुटपुंजं की या बायका म्हाताऱ्या झाल्यावर त्यांच्या औषधपाण्याला पैसेच नव्हते, म्हणून १९८८ पासून तिकडच्या चर्चमध्ये दर वर्षी त्यांच्यासाठी वेगळी वर्गणी काढतात. २०१४ पर्यंत आकडा पन्नास हजारावर आला आणि त्यातल्या बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या.

मधल्या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, म्हणजे जगभरच्या बिशपांची मोठी बैठक. १९६५ मध्ये परिषदेनेच सांगितलं की आपल्या संस्थापकाचा मूळ हेतू काय होता ते परत जाऊन बघा आणि काळाप्रमाणे बदला. बायकांनी ते मनावर घेतलं. कोणी हॅबिट, म्हणजे सिस्टर्सचा तो पारंपरिक झगा, उतरवून साधे कपडे घातले, कोणी मोठ्या कॉन्व्हेंटातून निघून गरीब वस्तीत दोघी-तिघी फ्लॅट घेऊन राहायला लागल्या, कोणी थिऑलॉजीत, म्हणजे धर्मशास्त्रात, पीएचडी केली. सांगितलं कोणी, तर रोमने. मग जेव्हा त्या खरंच बदलल्या तेव्हा रोमला वाटलं हे जरा जास्तच झालं. आपल्याकडे सुनेला म्हणतात ना, शिक हो पुढे शिक, आणि शिकून ती बोलायला लागली की घरात सगळ्यांचं तोंड वाकडं, तसंच. सगळ्या सिस्टर्सना हे बदल पटले असंही नाही, हॅबिट आणि जुनी शिस्त हवी असणाऱ्या संघांनी वेगळी चूल मांडली आणि १९९२ मध्ये रोमने त्यांच्याही कौन्सिलला मान्यता दिली. एका देशात दोन संघटना.

७ ऑक्टोबर १९७९ चा प्रसंग सांगायलाच हवा. वॉशिंग्टनमधलं मोठं देवालय, समोर हजारो सिस्टर्स, पोप जॉन पॉल दुसरे अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यावर. कॉन्फरन्सच्या अध्यक्ष सिस्टर थेरेसा केन यांनी स्वागताचे चार शब्द बोलायचे होते. साध्या सूटमध्ये, डोक्यावर काही नाही. आदराने स्वागत केलं, गरिबांसाठी तुम्ही बोलता त्याबद्दल आभार मानले आणि मग शांतपणे म्हणाल्या की चर्चच्या सगळ्या सेवांमध्ये स्त्रियांना जागा मिळायला हवी. सगळ्या म्हणजे पुरोहितपदसुद्धा, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी अवघडून बसल्या, काही सिस्टर्स दंडाला निळ्या फिती बांधून निषेध म्हणून उभ्याच होत्या. बोलून झाल्यावर त्या पोपजवळ गेल्या आणि आशीर्वादासाठी गुडघे टेकले. पोपनी आपल्या भाषणात त्याचं उत्तर दिलं नाही, उलट सिस्टर्सनी साधा धार्मिक पोशाख घालावा हे सांगितलं. मला त्या बाईचं गुडघे टेकणं जास्त लक्षात राहतं. मागणीही खरी होती आणि गुडघे टेकणंही खरंच होतं, त्यात नाटक काही नव्हतं, आणि पुढची पस्तीस वर्षं या सिस्टर्सना समजून घेताना बाहेरच्या लोकांची गल्लत नेमकी इथेच झाली.

२००१ मध्ये रोमने कॉन्फरन्सला बोलावून तीन मुद्दे दिले. स्त्रियांना पुरोहितदीक्षा नाही, तारण ख्रिस्तातूनच आणि चर्चमधूनच, आणि समलैंगिकतेबद्दलची शिकवण. या तिन्ही बाबतीत तुमच्या सदस्यांची भूमिका काय ते कळवा. पुढे रोमच्या मते काही समाधानकारक झालं नाही. मग २००९ मध्ये एकदम दोन चौकश्या सुरू झाल्या आणि इथे नीट लक्ष द्या, कारण बातम्यांत कायम या दोघींची खिचडी होते.

पहिली, व्रतस्थांचा कारभार बघणाऱ्या विभागाची. प्रमुख कार्डिनल फ्रान्क रोडे, स्लोव्हेनियाचे (कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचे धर्माधिकारी). ही अमेरिकेतल्या सगळ्या कार्यरत सिस्टर्सची, ३४१ संस्था, आणि काम सोपवलं मदर क्लेअर मिलिया या सिस्टरवरच. दुसरी, श्रद्धातत्त्वं सांभाळणाऱ्या विभागाची, प्रमुख कार्डिनल विल्यम लेवाडा, स्वतः अमेरिकन. ही फक्त कॉन्फरन्सची, आणि तपास ओहायोतल्या टोलिडोचे बिशप लेनर्ड ब्लेअर यांच्याकडे. हा दुसरा विभाग म्हणजे एकेकाळचं रोमचं इन्क्विझिशन, चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाणाऱ्यांवर खटले चालवणारं, १५४२ मध्ये स्थापन झालेलं, नावं बदलत बदलत इथपर्यंत आलेलं. (गोव्याचं जे आपल्याला माहीत आहे ते पोर्तुगालच्या राजाच्या सत्तेखालचं, वेगळं खातं, दोन्ही एक समजू नका.)

पहिल्या चौकशीत लांबलचक प्रश्नावली आली. संघात किती जणी, वयं काय, प्रार्थना कशी करता, मिसाला रोज जाता का, आणि त्यासोबत हिशोबाचे कागद, मालमत्तेची यादी. रोडे यांनी बाहेर बोलताना धर्मनिरपेक्ष मानसिकता शिरली आहे, फेमिनिस्ट वृत्ती शिरली आहे असं सांगितलंच होतं, म्हणजे तपासाआधीच निदान तयार. वर या चौकशीच्या खर्चासाठी अमेरिकन बिशपांकडे ११ लाख डॉलर मागितले गेले. सिस्टर्समध्ये कुजबुज चालू झाली, काय करायचं, सरळ नाही म्हणायचं की मुकाट्याने फॉर्म भरायचा. तेव्हा सिस्टर सँड्रा श्नायडर्स या बायबलच्या अभ्यासक, कॅलिफोर्नियात शिकवायच्या, त्यांनी मैत्रिणींना एक ईमेल लिहिलं, ते फुटलं आणि सगळीकडे गेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की, हे न बोलावता आलेले पाहुणे आहेत, त्यांना बाहेरच्या खोलीत बसवा, नीट वागा, पण घरभर फिरू देऊ नका.

मला हे वाचून एकदम आमच्या आजीचं घर आठवलं. सावकाराचा माणूस आला की आजी त्याला ओसरीवर बसवायची, गूळपाणी द्यायची, हसून बोलायची, माजघराचं दार मात्र लोटलेलं. तेच या बायकांनी केलं. बऱ्याच संघांनी प्रश्नावली पूर्ण भरलीच नाही, काहींनी तर नुसती आपल्या संघाची घटना म्हणजे संविधान, जे रोमनेच मंजूर केलेलं असतं, त्याची प्रत पाठवली. भांडण नाही, मोर्चा नाही, फक्त तुम्हीच पास केलेलं पुस्तक परत तुमच्याकडे. नोव्हेंबर २००९ मध्ये मदर मिलिया यांनी मालमत्ता आणि हिशोबाचे कागद नकोत असं कळवून टाकलं.

मग २०१० चा मार्च आला आणि मामला राजकारणात शिरला. ओबामांचा आरोग्य विम्याचा कायदा संसदेत अडकलेला. बिशपांच्या परिषदेचा विरोध, म्हणे यातून गर्भपाताला सरकारी पैसा जाईल. कॅथलिक हॉस्पिटलांच्या संघटनेच्या प्रमुख सिस्टर कॅरल कीहन यांनी वाचून सांगितलं की आमच्या मते तसं नाही, पाठिंबा द्या. पाठोपाठ सिस्टर सिमोन कॅम्पबेल, ज्या नेटवर्क नावाची छोटी लॉबी संस्था चालवायच्या आणि स्वतः वकील, त्यांनी पत्र लिहिलं आणि पन्नासपेक्षा जास्त सिस्टर-प्रमुखांनी सह्या केल्या. कायदा पास झाला. आता बिशपांच्या जागी बसून विचार करा, सगळ्या देशासमोर आपण म्हणतोय कॅथलिकांचं मत हे, आणि आपल्याच सिस्टर्स म्हणतायत नाही, ते. बरं या काही अडाणी बायका नाहीत, सहाशेच्या वर कॅथलिक हॉस्पिटलं, त्यातली कितीतरी सिस्टर्सनीच उभी केलेली, बिल कसं बनतं, विमा नसलेला पेशंट इमर्जन्सीत कधी येतो हे बिशपपेक्षा त्यांना जास्त कळतं. माझ्या मते प्रकरणाचा खरा पीळ इथे आहे. चौकशी २००९ ला सुरू झाली होती हे खरं, त्यामुळे त्या पत्रामुळे चौकशी लागली असं म्हणणं चूक, पण २०१२ च्या निकालात नेटवर्कचं नाव घातलं गेलं ते उगाच नाही.

त्या आठ पानांत काय होतं ते बघू. सिस्टर्स गरिबांसाठी, न्यायासाठी खूप काम करतात हे आधी मान्य केलंय. मग तक्रारी. अधिवेशनांत चुकीची भाषणं होतात. स्त्रियांच्या दीक्षेबद्दल आणि समलैंगिकांमधल्या कामाबद्दल चर्चच्या शिकवणीला सामूहिक विरोधाची भूमिका घेतली जाते. रॅडिकल फेमिनिझम आहे. आणि गर्भपात, कुटुंब, या विषयांवर तुम्ही गप्प असता. हा शेवटचा आरोप मला भारी वाटतो, जे बोललात त्याबद्दल शिक्षा समजू शकते, जे बोलला नाहीत त्याबद्दलपण?

भाषणाचं उदाहरण दिलंय ते २००७ चं, सिस्टर लॉरी ब्रिंक यांचं. त्यांनी सांगितलं होतं की कमी होत चाललेल्या आपल्या संघांपुढे चार रस्ते दिसतात. एक, सन्मानाने संपून जाणं. दुसरा, रोम म्हणेल ते ऐकून जुन्या पद्धतीला परत जाणं. तिसरा, काही संघ चर्चच्या पलीकडे, अगदी येशूच्याही पलीकडे निघून गेलेत तसं जाणं. चौथा, चर्चमध्येच राहून समेटाचं काम करणं. निकालात उचललं गेलं ते तिसऱ्या रस्त्याचं वाक्य. आता ज्याने कधी कुठल्या ट्रेनिंगला हजेरी लावलीय त्याला माहीत आहे, असे चार ऑप्शन मांडणं म्हणजे चारही करा असं सांगणं नव्हे. रोमचं म्हणणं असं की असं काही अधिवेशनात बोललं जातं आणि कोणी खोडून काढत नाही हेच गंभीर आहे. मला हे पटत नाही, पण त्यांचा मुद्दा काय होता हे कळायला हवं.

आणि रोमची बाजू अगदीच टाकाऊ नाही हेही लिहिते. कॉन्फरन्स ही रोमने मान्यता दिलेली संस्था आहे, कोणाचा खाजगी क्लब नाही, मग मान्यता देणाऱ्याने विचारलं तर त्यात गैर काय. शिवाय २०१२ च्या अधिवेशनात मुख्य वक्त्या होत्या बार्बरा मार्क्स हबर्ड, त्यांचा विषय जाणिवेची उत्क्रांती, मानवजात पुढच्या पायरीवर जाते आहे वगैरे. खरं सांगू, ते मला मराठीत समजावून सांगितलं तरी डोक्यावरून जाईल. एखाद्या कार्डिनलला ते ऐकून घाम फुटला असेल तर मी समजू शकते. माझा आक्षेप रोमने विचारलं यावर नाही. विचारायचं कसं यावर आहे. चौकशी लावणारं ऑफिस तेच, आरोप ठरवणारं तेच, निकाल देणारं तेच, शिक्षेवर देखरेख त्याचीच, आणि वर पोपची मान्यता असल्यामुळे अपील करायचं तरी कोणाकडे. साध्या ग्रामपंचायतीतल्या सदस्यावर कारवाई करायची तरी नोटीस, सुनावणी, वर अपील असतं.

१ जून २०१२ ला कॉन्फरन्सच्या मंडळाने उत्तर दिलं. आरोपांना आधार नाही, प्रक्रिया सदोष आणि अपारदर्शक, आणि यामुळे लोकांत फूट पडली. शब्द मोजके, पण रोमला उद्देशून सिस्टर्सनी इतकं सरळ लिहिणं म्हणजे मोठीच गोष्ट. तेव्हा अध्यक्ष होत्या सिस्टर पॅट फॅरेल, ज्या हुकूमशहा पिनोशेच्या काळात चिलीत आणि यादवी चालू असताना एल साल्वादोरमध्ये राहून आलेल्या, त्यामुळे एका कार्डिनलच्या पत्राने घाबरून जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांची बोलायची पद्धत मात्र अतिशय हळू आणि थंड, इंटरव्ह्यूमध्ये कोणी कितीही चिथावलं तरी त्या रोमबद्दल वाईट शब्द काढायच्या नाहीत. तिकडे कार्डिनल लेवाडा म्हणाले की असंच चाललं तर हा दोन बहिऱ्यांचा संवाद होईल.

लोक मात्र भडकले. शहराशहरांत चर्चबाहेर मेणबत्त्या घेऊन उभे राहिले, माझ्या शाळेतल्या सिस्टर, माझ्या आईला दवाखान्यात बघणाऱ्या सिस्टर अशा आठवणी लिहू लागले. दहा वर्षांपूर्वीचं बोस्टन अजून ओलं होतं ना. मुलांवर अत्याचार करणाऱ्या फादरना एका पॅरिशमधून दुसरीकडे हलवत राहिले म्हणून कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना २००२ च्या डिसेंबरात राजीनामा द्यावा लागला आणि २००४ मध्ये त्यांना मिळालं काय, तर रोममधल्या एका मोठ्या बॅसिलिकाचं, म्हणजे खास मानाच्या चर्चचं, प्रमुखपद. त्यांना बॅसिलिका आणि सिस्टर्सना देखरेख, ही तुलना सामान्य कॅथलिक माणसानेच केली, कुणी पढवायला लागलं नाही.

सिस्टर सिमोनची गंमत वेगळीच. निकालाच्या चारच दिवस आधी नेटवर्कने चाळीस वर्षांचा समारंभ केला होता आणि आपल्याला फारसं कोणी ओळखत नाही, काय करावं अशी त्यांची चिंता चालली होती. मग रोमनेच नाव छापलं. त्या म्हणायच्या, प्रार्थनेला उत्तर मिळालं. जूनमध्ये त्या आणि आणखी काही सिस्टर्स एका बसमध्ये बसून आयोवापासून वॉशिंग्टनपर्यंत नऊ राज्यं फिरल्या, गरिबांच्या योजना कापणाऱ्या बजेटच्या विरोधात. साठी-सत्तरीच्या बायका, मोठ्या रंगीत बसवर लिहिलंय नन्स ऑन द बस, आणि जिथे थांबतील तिथे गर्दी. रोमच्या आठ पानांनी जी पब्लिसिटी केली ती कुठल्या एजन्सीला पैसे देऊन मिळाली नसती.

ऑगस्टमध्ये सेंट लुईसला अधिवेशन, नऊशेच्या वर सिस्टर्स. प्रश्न एकच, आता काय. एक रस्ता, मान तुकवायची. दुसरा, रोमची मान्यता परत करायची आणि साधी नोंदणीकृत संस्था म्हणून चालवायची, मग आर्चबिशप कशावर देखरेख ठेवणार. हा दुसरा रस्ता नुसती धमकी नव्हती. या संघांची हॉस्पिटलं, कॉलेजं, जमिनी बहुतेक सिस्टर्सच्याच संस्थांच्या नावावर, देशाच्या कायद्याप्रमाणे नोंदवलेल्या, बिशपच्या नावावर नाहीत. म्हणजे रोमच्या हातात खरं तर फक्त एक शिक्का होता, मान्यतेचा. पण त्या शिक्क्याची किंमत सिस्टर्सना पैशात मोजता येत नव्हती, आयुष्य त्या चर्चला दिलेलं, आणि थेरेसा केनसारख्या सगळ्याच जणी गुडघे टेकणाऱ्या. शेवटी ठरलं की बोलत राहायचं, जोवर आपल्या कामाच्या सचोटीला धक्का लागत नाही तोवर, आणि लागलाच तर परत विचार करू. मध्येच दिवसाचे तास राखून ठेवून त्या नुसत्या गप्प बसायच्या, प्रार्थना, मग टेबलाटेबलावर चर्चा, परत गप्प. पत्रकार बाहेर ताटकळत.

२०१३ मध्ये पोप बदलले. सगळ्यांना वाटलं फ्रान्सिस आले, आता फाइल बंद. एप्रिलमध्ये लेवाडांच्या जागी आलेल्या म्युलर यांनी कॉन्फरन्सला सांगितलं की नव्या पोपनीही निकाल कायम ठेवलाय. मे महिन्यात रोममध्ये जगभरच्या सिस्टर-प्रमुख जमल्या होत्या तिथे रोडे यांच्या जागी आलेले ब्राझीलचे कार्डिनल जुआव ब्राझ दे अविझ सगळ्यांसमोर म्हणाले की हा निकाल घेताना आमच्या खात्याला विचारलंच नव्हतं आणि मला त्याचा फार त्रास झाला. म्हणजे सिस्टर्सचा कारभार ज्यांच्याकडे, त्यांनाच पत्ता नाही! ज्याने सरकारी ऑफिसात दोन खात्यांमध्ये फाइल फिरवलीय त्याला यात नवल वाटणार नाही. तीन दिवसांनी पोप त्याच सिस्टर्सना भेटले आणि म्हणाले आई व्हा, म्हाताऱ्या अविवाहिता होऊ नका. प्रेमाने म्हणाले असतील. पण जिने स्वखुशीने लग्न न करता चाळीस वर्षं काढली तिला हे ऐकवायचं?

२०१४ च्या एप्रिलच्या शेवटी म्युलर परत कडाडले. कॉन्फरन्सने सिस्टर एलिझाबेथ जॉन्सन या थिऑलॉजियनना पुरस्कार जाहीर केला होता आणि जॉन्सन यांच्या एका पुस्तकावर अमेरिकन बिशपांनी २०११ मध्ये टीका केलेली, तेव्हा हे म्हणजे उघड उघड डिवचणं आहे असं ते म्हणाले. ऑगस्टमध्ये नॅशव्हिलला जॉन्सनना पुरस्कार दिला गेला. आर्चबिशप सार्टेन दरम्यान बैठकांना येत राहिले, ऐकत राहिले, आणि ज्यांनी ज्यांनी यावर बोललंय त्यांनी त्यांच्या सौम्यपणाचं कौतुक केलंय, ते दुसरे कोणी तापट असते तर गाडी वेगळीकडे गेली असती.

पहिली चौकशी १६ डिसेंबर २०१४ ला संपली, अहवाल बराच गोड, आभार मानणारा. दुसरी १६ एप्रिल २०१५ ला, मुदतीच्या आधीच. नवीन घटना मंजूर, अधिवेशनातली भाषणं आणि प्रकाशनं आधी जाणकार थिऑलॉजियन वाचून बघणार. त्याच दिवशी पोपनी कॉन्फरन्सच्या सिस्टर्सना पन्नास मिनिटं दिली, फोटोत त्या साध्या कपड्यांत टेबलाच्या एका बाजूला आणि ते समोर. महिनाभर मीडियाशी बोलायचं नाही असं दोन्हीकडून ठरलं होतं. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिकमध्ये फ्रान्सिस म्हणाले, तुमच्याशिवाय चर्चचं काय झालं असतं, आणि कितीतरी वेळ टाळ्या थांबेनात.

पेपरांनी लिहिलं सिस्टर्स जिंकल्या. मला तसं म्हणवत नाही. २०१२ चे आरोप मागे घेतले असं कुठेही लिहिलेलं नाही, चुकलं असंही नाही. संघटना वाचली, कोणाला हाकललं नाही, शाळा-हॉस्पिटलं जागेवर, हे सगळं खरं, आणि ते झालं कारण या बायका सहा वर्षं ना उठून गेल्या ना मान डोलावली, नुसत्या खुर्चीवर बसून राहिल्या. पण उद्या दुसऱ्या कुठल्या देशातल्या सिस्टर्सवर अशीच चौकशी लावायची ठरली तर त्याच पद्धतीने लावता येईल, त्या प्रोसिजरला कोणी हात लावलेला नाही. आणि दुसऱ्या देशातल्या सिस्टर्सच्या नावावर हॉस्पिटलं असतीलच असं नाही, पाठीशी पेपर असतीलच असं नाही.

थेरेसा केन २०२४ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, ६ जानेवारी २०२५ ला, पोप फ्रान्सिस यांनी सिस्टर सिमोना ब्रांबिल्ला या इटालियन सिस्टरना व्रतस्थांचा कारभार बघणाऱ्या खात्याचं प्रमुख नेमलं, तेच खातं, जिथे बसून रोडे यांनी पहिली चौकशी लावली होती. व्हॅटिकनच्या एवढ्या मोठ्या खात्यावर बाई प्रमुख पहिल्यांदाच. त्याच दिवशी, त्याच आदेशात, त्यांच्या सोबतीला सहप्रमुख म्हणून एक कार्डिनलही नेमले गेले.